बसंतर, 16 डिसेंबर 1971 : एकाच सकाळचे दोन निर्णय

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची गोष्ट कोल्हापुरात सैन्याची तयारी करणाऱ्या बहुतेक पोरांना तोंडपाठ असते. एकवीस वर्षांचा अधिकारी, पेटलेला रणगाडा, रेडिओवरून आलेला 'बाहेर पड' हा आदेश आणि त्यावर दिलेलं उत्तर. राजारामपुरीतल्या आमच्या वर्गात एनडीए आणि सीडीएस या सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींपुढे मी हे प्रकरण दरवर्षी मांडतो, आणि दरवर्षी सुरुवातीला तेच शब्द कानावर येतात : जोश, बेधडक, जिवाची पर्वा नाही. माझं म्हणणं असं की हे शब्द त्या सकाळच्या पहिल्या भागाला लागू पडतात. परमवीर चक्राचा खरा आधार दुसऱ्या भागात आहे, आणि तिथे जोशापेक्षा हिशेब मोठा आहे. हे दोन्ही भाग एकाच माणसाचे आणि एकाच सकाळचे आहेत, म्हणून हे प्रकरण शिकण्यासारखं आहे.

आधी माणूस. अरुण खेत्रपाल यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1950 चा, पुण्यातला. वडील एम. एल. खेत्रपाल सैन्याच्या इंजिनिअर कोअरमधले अधिकारी, पुढे ब्रिगेडियर झाले. घराणं फाळणीआधी सरगोध्याकडचं. सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये शिक्षण, 1967 साली खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश, तिथून डेहराडूनची सैनिकी अकादमी, आणि 13 जून 1971 रोजी 17 पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये कमिशन. म्हणजे 3 डिसेंबरला युद्ध पेटलं तेव्हा खांद्यावरचा तारा अवघ्या सहा महिन्यांचा होता. नव्या अधिकाऱ्यांचा कोर्स नगरला, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात चालू होता. तो अर्ध्यात सोडून ते रेजिमेंटकडे निघाले.

घरच्यांनी पुढे सांगितलेली एक आठवण मी मुलांना आवर्जून सांगतो. आघाडीवर जाताना त्यांनी सामानात गोल्फच्या काठ्या आणि मेसमध्ये घालायचा निळा पोशाख भरला होता. लाहोरला पोचलो की गोल्फ खेळायचा, आणि रात्रीच्या जेवणाला पोशाख लागेलच, असा बेत. वर्गात यावर हशा पिकतो. तो पिकू द्यावा. आपण भाषणांतून 'बलिदान द्यायला निघाला' असं सहज म्हणून जातो, पण हा मुलगा मरायला निघाला नव्हता. परत येऊन काय करायचं याचं सामान त्याने बरोबर घेतलं होतं. पुढे जे घडलं ते या काठ्या लक्षात ठेवून वाचायचं.

आता जागा. जम्मू आणि पठाणकोट यांच्यामध्ये पाकिस्तानचा एक फुगवटा भारताच्या बाजूला आत आलेला आहे, तो शकरगढचा. पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता तिथून फार लांब नाही. तो रस्ता तुटला तर पलीकडच्या फौजेची रसद तुटते. म्हणून 1971 मध्ये भारतीय सैन्याने वाट न बघता या फुगवट्यातच चढाई केली. वाटेत बसंतर नदी, रावीची उपनदी. नदीपेक्षा मोठी अडचण म्हणजे तिच्या आसपास पेरलेले सुरुंग.

15 डिसेंबरच्या रात्री 47 इन्फंट्री ब्रिगेडने नदीपलीकडे पाय रोवले. 3 ग्रेनेडिअर्स या पायदळाच्या पलटणीची तुकडी घेऊन जरपाल गावात घुसलेले मेजर होशियार सिंग यांनाही याच लढाईत परमवीर चक्र मिळालं, आणि ते घ्यायला ते हयात होते. पायदळ पलीकडे पोचलं, पण रणगाडे अलीकडेच. सुरुंगातून रणगाड्यांसाठी वाट काढायची तर सॅपरनी, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर कोअरमधल्या जवानांनी, आधी ती साफ करायची, तिला खुणा लावायच्या, आणि मग एकामागून एक रणगाडे त्या पट्ट्यातून सोडायचे. त्या रात्री सॅपरचं काम निम्म्यावर आलं असतानाच पलीकडून खबर आली की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाली आहे, आपले रणगाडे ताबडतोब हवेत.

या ठिकाणी मी थांबतो आणि आबांना बोलू देतो. आबा म्हणजे सैनिक टाकळीचे एक निवृत्त सुभेदार. मराठा लाइट इन्फंट्रीत आयुष्य गेलं, 71 साली ते शिपाई होते, दुसऱ्या आघाडीवर. शिरोळ तालुक्यातलं त्यांचं गाव म्हणजे घरटी फौजी. आबा एरवी फारसं बोलत नाहीत, पण इथे बोलतात. "पोरांनो, रातीला अंधारात इंजिनाचा आवाज आला की काळीज थांबतंय. आपलं हाय का त्येंचं, ह्ये कळंपतोर थांबलेलंच ऱ्हातंय. हातात बंदूक आन् म्होरं लोखंड. त्यावेळी मागनं आपला एक जरी रणगाडा आला, तर भली भली माणसं रडत्यात."

पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग होते. त्यांच्या रेजिमेंटने वाट पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही. न काढलेल्या सुरुंगांतून रणगाडे पुढे घातले आणि पहाटेपर्यंत पायदळाला गाठलं. वर्गात हा मुद्दा दोन वाक्यांत उरकला जातो, ते मला खटकतं. खेत्रपाल यांच्या धाडसाच्या आधी एका अख्ख्या रेजिमेंटचं हे धाडस आहे. आणि ज्या इंजिनिअर कोअरमध्ये त्यांच्या वडिलांची नोकरी झाली, त्याच कोअरची माणसं त्या रात्री त्या मातीत सुरुंग चाचपत होती.

पहिला निर्णय

16 तारखेला सकाळी आठच्या सुमारास पाकिस्तानच्या 13 लान्सर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटने पॅटन रणगाडे घेऊन, धुराचा पडदा सोडून, जरपालजवळ पूना हॉर्सवर हल्ला केला. तिथे असलेल्या बी स्क्वाड्रनने, म्हणजे रेजिमेंटच्या रणगाड्यांच्या एका गटाने, कुमक मागितली. ए स्क्वाड्रनमधले खेत्रपाल आपला ट्रूप, म्हणजे रणगाड्यांची छोटी तुकडी घेऊन जवळच होते. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. हाक ऐकली आणि ते निघाले.

मधल्या टापूत शत्रूची ठाणी होती, रणगाडे फोडणाऱ्या रिकॉइललेस तोफा होत्या. त्या वळसा घालून टाळायच्या की चिरडत जायचं? खेत्रपाल सरळ अंगावर गेले. ठाणी तुडवली, काही सैनिकांना पिस्तुलाच्या धाकावर पकडलं. या झटापटीत त्यांच्या ट्रूपमधल्या एका रणगाड्याचा कमांडर मारला गेला, तरी ते थांबले नाहीत. बी स्क्वाड्रनपाशी पोचले तेव्हा शत्रूचे रणगाडे पहिला हल्ला आटोपून मागे वळत होते. खेत्रपाल त्यांच्या मागे लागले आणि एक रणगाडा उडवला.

परमवीर चक्राच्या मानपत्रात या पाठलागाबद्दल जे लिहिलंय त्याचा आशय असा : लढाईच्या लाटेने आणि स्वतःच्याच मुसंडीच्या वेगाने ते वाहवत गेले आणि पाठलागाला लागले. सैन्याने आपल्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या मानपत्रात 'वाहवत गेले' असं प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलंय, याचं मला फार मोल वाटतं. आपण पुतळे उभारताना असलं काही ठेवत नाही. सहा महिन्यांचा अधिकारी, पहिलीच लढाई, समोरून शत्रू पळतोय, तर तो वाहवणारच. मुलांना मी विचारतो, त्या पाठलागात पुढे दबा धरलेली तोफ असती तर? ती नव्हती. पण असती तर आपण आज याच तरुणाला उतावळा म्हटलं असतं. जोश ही चांगली गोष्ट आहे, पण तिचं मोल नशिबावर ठरतं.

दुसरा निर्णय

शत्रू सावरला आणि पुन्हा आला. या वेळी त्याने मुख्य घाव घालण्यासाठी जो भाग निवडला, तिथे आपले तीन रणगाडे होते, आणि त्यांतला एक खेत्रपाल यांचा. समोर अख्खं स्क्वाड्रन. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे फुटले, मानपत्रानुसार त्यांतले चार एकट्या खेत्रपाल यांनी फोडले. त्यांच्याही रणगाड्याला गोळा लागला, आग लागली, आणि ते गंभीर जखमी झाले. रेडिओवरून वरिष्ठांनी रणगाडा सोडायला सांगितलं. त्यांचं उत्तर सर्वांना ठाऊक आहे : नाही सर, मी माझा रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालतेय.

हे उत्तर मुलं घोषणेसारखं म्हणतात. मी त्यांना ते वाक्य अहवालासारखं वाचायला लावतो. 'माझी तोफ अजून चालतेय.' ही माहिती आहे. आदेश देणाऱ्याला लांबून धूर दिसत होता. तोफ चालते की नाही हे त्याला दिसणं शक्य नव्हतं, आतल्या माणसाला दिसत होतं. मानपत्रात दुसरा अर्धा भागही आहे : शत्रू मोडलेला असला तरी त्यांच्या जबाबदारीच्या टापूतून पुढे येतोच आहे, आणि आपण रणगाडा सोडला तर तो इथून फुटून आत शिरेल, हे त्यांनी ओळखलं. तोफ चालतेय, शत्रू येतोय, ही जागा माझ्या वाटणीची आहे आणि मागे पायदळ आहे. चारही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी आणखी एक रणगाडा उडवला. मग दुसरा गोळा लागला आणि ते गेले. शत्रूचा शेवटचा रणगाडा शंभर मीटरच्या आसपास येऊन ठेपला होता.

काही वेळापूर्वी पळणाऱ्यांच्या मागे धावलेला हाच तरुण आता येणाऱ्यांसमोर जागचा हलत नाही. पहिल्या वेळी लढाईने त्याला ओढून नेलं होतं. दुसऱ्या वेळी आगीपासून पळून जाण्याची पूर्ण मुभा हातात असताना, वरून तसा आदेश असताना, त्याने थांबणं निवडलं. माझ्या मते शौर्य म्हणायचं ते याला.

वर्गात यानंतर कुणीतरी म्हणतंच, "सर, ही तर पावनखिंड!" म्हणणारच. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट आमच्या पोरांनी पावसात, चिखल तुडवत चाललेली असते. जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडे निघाले आणि घोडखिंडीच्या तोंडावर बाजीप्रभू उभे राहिले. साम्य खरंच आहे. अरुंद जागा, थोडी माणसं, मागे जपायचं काहीतरी. पण मी त्यांना फरकही बघायला सांगतो. बाजीप्रभूंना काम कधी संपणार हे ठाऊक होतं. गडावरून तोफांचे आवाज आले की महाराज पोचले. खेत्रपाल यांच्यासाठी असा कुठलाच इशारा ठरलेला नव्हता. उलट जो आवाज रेडिओवर आला तो 'पुरे, बाहेर ये' असं सांगणारा होता. काम संपलेलं नाही हे त्यांना स्वतःच ठरवावं लागलं.

चार खुर्च्या

गेल्या काही वर्षांत मी हे प्रकरण फळ्यावर शिकवणं कमी केलं. वर्गात चार खुर्च्या मांडतो. सेंच्युरियनमध्ये चार माणसं : कमांडर, गनर, ड्रायव्हर आणि लोडर. ज्याला जेवढं दिसतं तेवढंच त्या खुर्चीतल्या मुलाला सांगायचं. कमांडर उंचावर, वेळ पडली तर डोकं बाहेर काढून आजूबाजू बघणारा. गनरला त्याच्या दुर्बिणीतून दिसतो तेवढा गोल तुकडा. ड्रायव्हर पुढे खाली, फटीतून समोरची जमीन बघणारा. आणि लोडर. त्याला बाहेरचं काही दिसत नाही. त्याच्यापुढे तोफेची मागची बाजू, हाताशी गोळे आणि शेजारी रेडिओचा सेट, कारण सेटही तोच सांभाळतो.

पाच मिनिटं असं बसवलं की पोरांचा आवाज खाली येतो. ज्याला काही दिसत नाही त्याने दिसणाऱ्याच्या शब्दावर गोळा भरत राहायचं, ही गोष्ट भाषणातून कळत नाही.

मग प्रश्न सुरू होतात. पहिला बहुधा शिस्तीचा : आदेश मोडला, तर पदक कसं? एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मानसशास्त्रीय चाचणीत तीस मिनिटांत साठ प्रसंगांना उत्तरं लिहायची असतात, आणि मुलांना भीती असते की आदेश न पाळणारं उत्तर लिहिलं तर बाद होऊ. मी सांगतो, तो आदेश जीव वाचवण्यासाठी होता, जागा सोडण्यासाठी नव्हता. रेजिमेंटला दिलेलं काम बदललेलं नव्हतं. जागेवरच्या माणसाने वरिष्ठाला नवी माहिती दिली आणि मूळ काम चालू ठेवलं. पण हे समर्थन फक्त त्यालाच लागू पडतं ज्याच्याकडे अशी माहिती आहे. उत्तरपत्रिकेत प्रत्येक प्रसंगाखाली 'तो शेवटच्या श्वासापर्यंत लढतो' असं लिहिणाऱ्या मुलाकडे ती नसते.

दुसरा प्रश्न कागलच्या एका मुलाने विचारला होता, आणि तो ऐकून वर्ग गप्प झाला. "सर, 1972 च्या सिमला करारात शकरगढची जमीन परत दिली ना? मग ह्यांचं मरण फुकट नाही का गेलं?" हा प्रश्न मनात दाबून ठेवण्यापेक्षा विचारलेला बरा. करार दोन सरकारांच्या टेबलावर ठरला. खेत्रपाल यांच्यासमोर तो प्रश्न नव्हता. त्यांच्यासमोर प्रश्न होता मागच्या ग्रेनेडिअर्सचा, ज्यांच्यावर त्या फटीतून पॅटन चालून गेले असते. ते गेले नाहीत. बसंतरपलीकडचं ठाणं टिकलं, 17 डिसेंबरला युद्धबंदी झाली, आणि फुगवट्यातून पठाणकोट-जम्मू रस्त्याला धोका झाला नाही. जिवंत परतलेल्या त्या जवानांची घरं, त्यांची मुलंबाळं, हे मी त्या मरणाचं फळ धरतो. जमीन परत द्यावी लागली, वाचलेले ते जीव परत द्यावे लागले नाहीत.

एक खंत मात्र आहे. त्याच 16 डिसेंबरच्या दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. विजय दिवस आपण त्याच तारखेला साजरा करतो, तो करावाच, पण ढाक्याच्या सहीखाली बसंतरची सकाळ झाकली जाते. माझ्या वर्गात ती तारीख दोन्ही नावांनी लिहिली जाते.

2001 साली, ऐंशी उलटलेले ब्रिगेडियर खेत्रपाल जुनं घर बघायला सरगोध्याला गेले. त्यांचे यजमान होते पाकिस्तानी सैन्याचे निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. तीन दिवस मनापासून पाहुणचार केल्यावर नासेर यांनी त्यांना सांगितलं की त्या सकाळी 13 लान्सर्सकडून समोर आपणच होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्यांनी त्या मुलाच्या धैर्याची वाखाणणीही केली. शौर्याची नोंद आपल्या बाजूने तर होतेच. इथे ती समोरच्या बाजूने, त्या माणसाच्या तोंडून, बापासमोर झाली. मी वर्गात यावर काही बोलत नाही, फक्त सांगतो.

तिसरा प्रश्न लोडरच्या खुर्चीतून आला. गडहिंग्लजची मुलगी होती, एनडीएची तयारी करणारी. मुलींच्या पहिल्या तुकडीने 2022 मध्ये एनडीएत पाऊल टाकल्यापासून आमच्याकडे मुली वाढल्यात, आणि त्या प्रश्न जास्त नेमके विचारतात. ती म्हणाली, "सर, न सोडण्याचा निर्णय कमांडरचा. पण आत चौघे होते. बाकीच्या तिघांना कुणी विचारलं?"

हा या प्रकरणातला सगळ्यात जड भाग आहे. 'फामागुस्ता'मध्ये त्या दिवशी सवार नंद सिंगही गेले. ते लोडर आणि रेडिओ ऑपरेटर होते. गनर आणि ड्रायव्हर वाचले. खेत्रपाल यांचं नाव एनडीएच्या परेड मैदानाला आहे, 2023 पासून अंदमानातल्या एका बेटालाही आहे. नंद सिंग यांचं नाव वर्गातल्या एकाही मुलाला माहीत नव्हतं.

मी तिला पाठ्यपुस्तकी उत्तर देणार होतो, की जबाबदारी कमांडरची आणि विश्वास बाकीच्यांचा. त्याआधी आबाच बोलले. "रणगाड्यात मतं घेत न्हाईत, पोरी. येळ नसतोय. पर तू म्हन्तीस त्ये खरंय. तो एकटा थांबला न्हवता. त्येच्या संगं थांबल्याली माणसं हुती, म्हणून तर तोफ चालत हुती."

मुलीने वहीत नंद सिंग हे नाव लिहिलं आणि विचारलं, की एसएसबीच्या गटचर्चेत हे प्रकरण आलं तर दोघांबद्दल बोलावं का? मी म्हटलं, बोल, आणि वेळ कमी असेल तर आधी नंद सिंगांबद्दल बोल, दुसऱ्याबद्दल बाकी सगळे बोलतीलच. मग खुर्च्या पुन्हा मांडल्या आणि या वेळी लोडरच्या खुर्चीत कागलचा मुलगा बसला.